कुऱ्हाडीवरचे खडे

फार फार पूर्वी, एका डोंगरावरून मारलेली हाक जिथवर ऐकू जाईल तिथवर आपले राज्य असे राजे समजत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती मांडी घालून ऐकावी. मोठ्यांनीही ऐकावी, आपल्याला हे सारे ठाऊकच आहे असे न समजता.

डोंगरांच्या कुशीत एक छोटे राज्य होते. तिथे शेते होती, कुरणे होती, एक खोल दरी होती आणि दरीवर लोखंडी साखळ्यांचा झुलता पूल होता. लोहाराची भट्टी मात्र साऱ्या राज्यात एकच होती. एक भाता, एक ऐरण आणि एक लोहार. नांगराचा फाळ असो की स्वयंपाकघरातली विळी, राजाची तलवार असो की चुलीवरची कढई, सगळे त्या एकाच ऐरणीवर यायचे.

लोहाराचे नाव नागोजी. लोखंड तापून लाल झाले की ते निवेपर्यंत जेवढे घाव घालता येतील, त्याला तो एक ताव म्हणायचा. एकाच्या कामाला एक ताव दिला की ते बाजूला ठेवायचे आणि दुसऱ्याचे घ्यायचे, अशी त्याची रीत होती. त्यामुळे दिवसभर ऐरण अडवून कोणी बसत नसे.

भट्टीसमोर एक लांब दगडी ओटा होता. सगळ्यांची कामे त्यावर मांडून ठेवलेली असत. ओट्याच्या टोकाला नदीतल्या गुळगुळीत खड्यांनी भरलेली एक पाटी असे. आपले काम थोडे थांबले तरी चालेल असे ज्याला वाटे, तो पाटीतला एक खडा उचलून आपल्या कामावर ठेवी. एक खडा म्हणजे ‘मी जरा थांबतो’. दोन खडे म्हणजे ‘मी आणखी थांबतो’. नागोजी आधी बिनखड्याच्या कामांना ताव द्यायचा, मग एका खड्याच्या, मग दोन खड्यांच्या. ज्याचे खडे जास्त, त्याची पाळी सर्वांत शेवटी.

खडा ठेवायला कोणाची परवानगी लागत नसे. पण तो ठेवायचा फक्त आपल्या कामावर, दुसऱ्याच्या नाही. आणि एकदा ठेवलेला खडा ठेवणाऱ्यालाही परत उचलता येत नसे. सकाळी उदार व्हायचे आणि दुपारी पस्तावायचे, असे चालले तर त्या खड्याला काय किंमत राहील? म्हणून खडा उचलण्याचा अधिकार राज्यात एकाच माणसाला होता, गादीवर बसलेल्याला.

आणखी एक गोष्ट होती. ती कोणी ठरवलेली नव्हती, पण सगळे पाळत. दुसऱ्याच्या कामावरचे खडे निरखून बघणे त्या राज्यात असभ्य समजत. दुसऱ्याच्या ताटात डोकावण्यासारखेच ते. ओट्यापुढून जाताना माणसे नजर खाली घालून जात. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे सारे बिघडले ते या सभ्यपणामुळेच.

म्हातारा राजा वारला आणि त्याची लेक गादीवर बसली. ती सात डोंगर ओलांडून एका मोठ्या नगरात शिकायला गेली होती. त्या नगरात शंभर भट्ट्या होत्या आणि शंभरही भट्ट्यांवर रोज भांडणे होती. ज्याचा आवाज मोठा त्याचे काम आधी. तिथे राहून तिला वाटू लागले होते की माणसे सगळीकडे अशीच असणार.

परतल्यावर पहिल्याच सकाळी ती साधे लुगडे नेसून भट्टीवर गेली. गाडीवान सटवाजी आपल्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव घेऊन आला होता. त्याची पाळी आली होती. नागोजी धाव विस्तवात घालणार, तेवढ्यात म्हातारी सुईण धापा टाकत आली. तिच्या हातात एक बोथट सुरी होती.

सटवाजीने पाटीतला एक खडा उचलून आपल्या धावेवर ठेवला.

“आजी, तुमचं आधी. माझी गाडी काही आज बाळंत होत नाही.”

“गाडी नाही रे मेल्या, पण तुझी बायको होणार आहे पुढल्या महिन्यात,” सुईण म्हणाली. “तेव्हा आजचा हा खडा लक्षात ठेवीन हो मी!”

सगळे हसले. त्या हसण्यातच ओट्याच्या दुसऱ्या टोकाकडून एक काळवंडलेला हात पुढे आला. त्याने पाटीतला एक खडा घेतला, तिथल्या खड्यांच्या एका ढिगावर ठेवला आणि तो मागे गेला. राणीने हात पाहिला. माणूस पाहिला नाही.

तिचे डोळे भरून आले होते. सात डोंगरांपलीकडे जे कोणत्याही शाळेत शिकवत नव्हते, ते इथे एक गाडीवान हसत हसत करत होता.

“सोन्याच्या खाणी असलेली राज्यं मी पाहिली,” ती नागोजीला म्हणाली, “पण अशी पाटी कुठंच पाहिली नाही, बाबा.”

नागोजीने घाम पुसला. “खडे नदीतलेच आहेत, राणीसाहेब. त्यात काय एवढं?”

पण राणीला त्यात सारे काही दिसत होते. इतक्या चांगल्या माणसांना त्यांच्या चांगुलपणाचे फळ मिळालेच पाहिजे, असे तिने मनाशी घेतले. तिच्या वडिलांनी खडे उचलण्याचा अधिकार क्वचितच वापरला होता. तिने दवंडी पिटवली: “रोज सकाळी मी सदरेवर बसेन. ज्याला आपल्या कामावरचा खडा उचलून हवा असेल, त्याने यावे आणि कारण सांगावे.”

आधी माणसे लाजली. मग एक आला, त्याच्यामागून दुसरा. माळ्याच्या रहाटाची कडी तुटली होती, त्याचे खडे राणीने उचलले. सुताराचा वाकस बोथट झाला होता, त्याचेही उचलले. मग तिच्या आत्याबाई आल्या.

“अगं, माझा अडकित्ता तीन खड्यांखाली पडलाय. सुपारी कातरल्याशिवाय माझं डोकं चालत नाही.”

“आत्याबाई, खडे तुम्हीच ठेवलेत ना?”

“ठेवले. चारचौघांत ठेवावे लागतात गं!”

राणी हसली आणि तिने तेही खडे उचलले. संध्याकाळी ती समाधानाने झोपायची. आज किती जणांचे ऐकले, याचे तिला समाधान असे. तिचे मन चांगले होते, यात शंका नाही. पण जे आले त्यांचे तिने ऐकले आणि जे आले नाहीत त्यांना काही दुःखच नाही, असे ती समजून चालली. आणि दर वेळी कोणाचा खडा उचलला गेला की न बोलणाऱ्याचे काम ओट्यावर आणखी मागे सरकायचे.

असे काही महिने गेले. उन्हाळा संपत आला. एके सकाळी पुलाचा राखणदार हैबती सदरेवर आला. त्याने कमरेची गाठ सोडली आणि एक लोखंडी कडी राणीपुढे ठेवली. घासून घासून ती एका बाजूला सुईएवढी बारीक झाली होती.

“पुलाची आहे, राणीसाहेब. ही काढून मी तात्पुरती तार बांधलीय. पण बाकीच्याही अशाच आहेत. मी पूल बंद केलाय.”

याचा अर्थ साऱ्यांना कळला. दरीपलीकडच्या पठारावर उन्हाळ्यात गुरे चरायला जात आणि त्यांच्याबरोबर अर्धे गाव वर राही. पाऊस सुरू होण्याआधी सगळे खाली उतरत, कारण नंतर पठारावर धान्य नसे, आडोसा नसे, आणि खाली उतरायला त्या पुलाखेरीज वाट नसे. हैबतीची एकुलती एक लेक ठकी आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन वर होती.

“पाऊस कधी येईल?” राणीने विचारले.

हैबतीने पश्चिमेकडे पाहिले. “वारा फिरलाय.”

राणी तशीच उठून भट्टीवर गेली. पुलाच्या नव्या साखळीसाठी लोखंडाच्या कांबी तिने ओट्याच्या अगदी पुढे मांडल्या आणि स्वतःच्या हाताने त्यांना लाल दोरा बांधला. लाल दोरा ही राजाची खूण होती. बिनखड्याच्या कामाच्याही आधी जे करायचे, त्यालाच तो बांधत. तिच्या वडिलांनी आयुष्यात एकदाच बांधला होता.

कोणी कुरकुर केली नाही. उलट जो तो पाटीकडे गेला आणि आपापल्या कामावर एकेक खडा वाढवून आला. आत्याबाईसुद्धा आल्या.

“माझा अडकित्ता राहू दे. सुपारी मी दातांनी फोडीन.”

“दात आहेत कुठं, आत्याबाई?” सटवाजीने विचारले.

“दोन आहेत, मेल्या. एकमेकांसमोर नाहीत, एवढंच.”

भाता सुरू झाला. पहिल्या कड्या झरझर झाल्या. पण मग घणाचे आवाज विरळ होत गेले. दोन कड्यांमधला वेळ वाढला. आणि एका दुपारी भट्टीवरून काहीच आवाज येईना. राणी धावत आली. नागोजी ऐरणीपाशी घण टेकून उभा होता. विस्तवातले लोखंड नुसतेच काळपट तांबूस झाले होते.

“बाबा, साखळीला पहिली पाळी दिलीय ना?”

“दिलीय.”

“मग थांबलात का?”

“पाळी आहे, राणीसाहेब. विस्तव नाही.” नागोजीने कोळशाची कणगी दाखवली. तळाशी फक्त भुगा होता. “कोळसा कमी कमी येत होता. मला वाटलं, उन्हाळा आहे, येईल. परवापासून आलाच नाही.”

“कोण आणतं?”

“बुधा. रानात कोळसा पाडतो.”

राणीला त्या माणसाचा राग आला. साऱ्या राज्याने साखळीसाठी आपापली कामे मागे सारली आणि हा एकटा स्वस्थ बसला! तिने माणूस पाठवला नाही. ती स्वतः निघाली. नागोजी तिच्यामागून गेला, आणि हैबतीही.

रानात बुधाची कोळशाची भट्टी थंड पडली होती. बाजूला एक वाळका माणूस उकिडवा बसून अंजनाची फांदी दगडावर ठेवून, वरून दुसरा दगड आपटून तोडत होता. त्याच्या दोन्ही तळव्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या. अंजनाचे लाकूड लोखंडासारखे असते. घरातल्या हलक्या कुऱ्हाडी त्यावरून नुसत्या उसळतात. आणि लोखंड लाल करायला त्याच लाकडाचा कोळसा लागतो.

राणीला पाहून तो धडपडत उठला. त्याचे हात पाहताच राणीला ते ओळखीचे वाटले.

“बुधाकाका,” तिचा राग अर्धा उतरला होता, “दगडानं का तोडताय? तुमची कुऱ्हाड कुठं आहे?”

“आहे की. तुमच्या ओट्यावर.”

“ओट्यावर?”

“आता तिनं लोणी कापता येतं. तेही उन्हाळ्यातलं.” बुधा आपल्याच विनोदावर हसला, पण कोणी हसले नाही म्हणून थांबला. “तोंड पार गेलंय तिचं. दिवाळीच्या आधी नेऊन ठेवली होती. मग शेजारच्या रानातल्या भावाची जड कुऱ्हाड मागून आणली. तिचा दांडा मोडला, तशी त्यानं परत नेली. तेव्हापासून पडलेल्या फांद्या वेचून भट्टी लावायचो. आता पडलेल्याही संपल्या.”

“आणि तुम्ही मला सांगितलं नाही? मी रोज सदरेवर बसते. आत्याबाईंच्या अडकित्त्याचे खडे उचलले मी!”

बुधा गोंधळला. हे त्याला खरोखरच सुचले नव्हते. “खडे तर माझे मीच ठेवले होते, राणीसाहेब. कोणी हात धरला नव्हता माझा. प्रत्येक वेळी वाटायचं, याचं नडलंय, याचं होऊ दे. आपलं काय, आठ दिवसांनी झालं तरी चालेल.”

राणी नागोजीकडे वळली. “बाबा, तुम्हाला तर दिसत होतं.”

नागोजीची मान खाली गेली. “दिसत होतं. खडे बघून ताव द्यायचा, एवढंच आपलं काम, असं समजत होतो. कोणाच्या खड्यांविषयी बोलणं बरं दिसत नाही.”

राणीला आपली पहिली सकाळ आठवली. तो काळवंडलेला हात, तो ढीग, आणि आपले भरून आलेले डोळे. त्या भरल्या डोळ्यांनी तिने सगळ्या राज्याचे कौतुक केले होते, पण त्या ढिगाखाली काय आहे हे पाहिले नव्हते. लाल दोरा बांधून साखळी सर्वांच्या पुढे ठेवली खरी, पण ती साखळी ज्याच्यासाठी खोळंबली होती तो सर्वांच्या मागे होता. म्हणजे साखळीही मागेच होती.

“काका, कोळसा काहीच नाही?” तिने विचारले.

बुधाने एक टोपली पुढे केली. “एवढा आहे. एका तावापुरता. आज घेऊन येणारच होतो.”

ते भट्टीवर परतले तेव्हा खाली राहिलेले सारे गाव तिथे जमले होते. पश्चिमेकडे आभाळाची कड काळी पडत चालली होती. नागोजीने टोपली विस्तवाजवळ ठेवली आणि साखळीच्या कडीसाठी लोखंडाची कांब उचलली.

“ती ठेवा, बाबा,” राणी म्हणाली. “कुऱ्हाड घ्या.”

हैबती पुढे आला.

“राणीसाहेब, एका तावाचा कोळसा आहे आणि तुम्ही तो कुऱ्हाडीवर घालवणार? माझी लेक वर आहे. नातू आहे, अजून बसतासुद्धा येत नाही त्याला. ढग बघा!”

“एका कडीनं पूल होत नाही, हैबतीकाका. ही कडी झाली की पुढं काय? कुऱ्हाड झाली तर कोळसा होईल, आणि कोळसा झाला तर सगळ्या कड्या होतील.”

“आणि तोवर पाऊस आला तर?”

राणीने आभाळाच्या त्या काळ्या कडेकडे पाहिले.

“तर हे माझ्यामुळं झालं, असं तुम्ही साऱ्या राज्याला सांगा. मी नाही म्हणणार नाही.”

ती ओट्यापाशी गेली. आजवर जे कोणी केले नव्हते ते तिने केले. सर्वांसमोर त्या ढिगाकडे टक लावून पाहिले. मग एक खडा उचलून विचारले, “हा कोणासाठी ठेवला होता, बुधाकाका?”

बुधा लाजून बाजूला बघू लागला. “असू दे हो. कोण लक्षात ठेवतंय?”

गर्दीतून सुईण पुढे आली. “तो माझ्या सुरीसाठी. मी तिथंच होते.”

राणीने दुसरा खडा उचलला. सटवाजी म्हणाला, “हा माझ्या धावेचा. बायकोला माहेरी पोचवायची होती, गाडी अडली होती.” तिसरा माळ्याच्या रहाटाचा निघाला. खडा उचलला जाई आणि गर्दीतून कोणीतरी हळूच म्हणे, “तो माझा.” नजर खाली घालून चालणारी ती माणसे पहिल्यांदाच एका माणसाच्या खड्यांकडे बघत होती, आणि त्यांना तिथे आपापली घरे दिसत होती.

एक खडा राणीच्या हातात तसाच राहिला.

मग हैबतीचा आवाज आला, अगदी खालचा. “तो माझा. ठकीच्या बाळाच्या पाळण्याच्या कड्यांसाठी. बारसं दुसऱ्या दिवसावर आलं होतं. बुधा म्हणाला, पाळणा आधी, कुऱ्हाड कुठं पळून जातेय.”

तो मान वळवून भात्यापाशी गेला, बसला आणि भात्याचा दांडा त्याने हातात धरला.

राणीने ते सारे खडे ओंजळीत घेतले आणि आपल्या साखळीवर ठेवले. मग साखळीचा लाल दोरा सोडून तो कुऱ्हाडीच्या दांड्याला बांधला.

“साखळी ज्याच्यासाठी थांबलीय, दोरा त्याचा,” ती म्हणाली.

हैबतीने भाता असा ओढला की उरलासुरला भुगाही पेटला. कुऱ्हाडीचे पाते लाल झाले, मग केशरी. नागोजीने उभ्या आयुष्यात घातले नसतील असे घाव घातले. एका तावात पाते पुन्हा उभे राहिले. पाण्यात बुडवताच ते फुत्कारले. बुधाने अंगठ्याने धार चाचपली आणि म्हणाला, “आता लोणी नको, दुसरं काहीतरी द्या.”

या खेपेला सगळे हसले.

बुधाच्या तळव्यांना कुऱ्हाड धरवत नव्हती. म्हणून कुऱ्हाड हैबतीने घेतली. तो थकला की सटवाजीने, मग सुताराने. बुधा एका दगडावर बसून सांगत होता, कुठे घाव घालायचा, लाकूड कसे रचायचे, माती कशी लिंपायची. “हैबती, तो राग झाडावर काढ, पण बुंध्याला धरून काढ. वरवर काय कातरतोस, आत्याबाईंची सुपारी आहे का ती?”

भट्ट्या रचल्या गेल्या. एकीच्या जागी चार. रानातून दिवसरात्र धूर निघत होता आणि माणसे आळीपाळीने राखण करत होती. पहिला कोळसा आला आणि ऐरण पुन्हा वाजू लागली. साखळीवरचे खडे राणीने तेव्हा उचलले आणि लाल दोरा पुन्हा तिला बांधला. मग कडीत कडी अडकत गेली. आभाळ रोज थोडे खाली येत होते. हैबती रोज पुलाच्या टोकावर उभा राहून पलीकडे हाक मारी, आणि पलीकडून लेकीची हाक येई.

शेवटची कडी बसली तेव्हा वाऱ्याला ओल्या मातीचा वास होता. जुन्या साखळीशेजारी नवी साखळी ताणली गेली. आधी माणसे उतरली, मग वासरे, मग गाई. ठकी पाळण्यातल्या बाळाला पाळण्यासकट डोक्यावर घेऊन आली. तिने पाळणा बापापुढे उतरवला. पाळण्याच्या चार कड्या चकाकत होत्या. हैबतीने नातवाला आधी आपल्या हातात घेतले नाही. त्याने त्याला उचलून बुधाच्या चिंध्या बांधलेल्या हातांत दिले.

“अरे, मी काळा आहे, पोर काळं होईल,” बुधा म्हणाला.

“होऊ दे,” हैबती म्हणाला.

मग हैबतीने आणि बाकीच्यांनी जुनी साखळी सोडवून काठावर ओढली. ती जमिनीवर टेकण्याआधीच, कोणाचाही भार नसताना, आपल्याच वजनाने मधोमध तुटली. त्या रात्री पावसाने दरी भरली.

त्या वर्षापासून राज्यात दोन गोष्टी बदलल्या. खडा कोणीही ठेवावा आणि स्वतःचा स्वतः उचलू नये, ही रीत तशीच राहिली. कारण ती सुंदरच होती. पण राणीने सदरेवर बसून वाट बघणे सोडले. रोज पहिल्या तावाआधी ती स्वतः ओट्यावरून फिरायची, आणि जे काम फार दिवस पडून आहे त्यावरचा एकेक खडा कोणी न मागता उचलायची. आणि दुसऱ्याचे खडे न बघण्याचा जुना सभ्यपणा लोकांनी टाकून दिला. रस्त्यात दोघे भेटले की खुशालीच्या आधी विचारू लागले, “काय हो, तुमच्यावर खडे किती?” तोच त्या राज्याचा रामराम झाला.

मुलांनो, तुमच्या घरातल्या संगणकाच्या पोटातही असाच एक ओटा आहे. तिथेही ऐरण थोडी आणि कामे पुष्कळ. प्रत्येक काम आपल्यावर खडे ठेवून ‘मी थांबतो, तुम्ही पुढे व्हा’ असे म्हणू शकते. खडे उचलून त्याला पुढे आणायचे असेल तर मात्र यंत्राच्या धन्यालाच उचलावे लागतात. ज्यांनी ही सोय केली त्यांना त्या राणीची गोष्ट ठाऊक नसेल. पण माणसाला मागे उभे राहता आले पाहिजे आणि मागे राहिलेल्याला कोणीतरी पुढे बोलावले पाहिजे, हे त्यांनाही कळले होते.

तात्पर्य: जो आपणहून मागे उभा राहतो, त्याची पाळी लक्षात ठेवणे हे पुढे गेलेल्यांचे काम आहे.